खिलाडूवृत्ती कुणी दाखवायची?



यंदा जानेवारीत मी इंझोरीला गेले होते. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं हे गाव. बचत गटाच्या बायकांची बैठक होती. विषय आधीच ठरलेले होते : बँकेनं अडवलेलं कर्ज, सोयाबीनचा भाव आणि गावातली दारू. बैठक संपत आली, चहा फिरला, आणि मागे भिंतीला टेकून बसलेली एक तरुण मुलगी उठून उभी राहिली. अंगात ट्रॅकसूटचं जाकीट, गळ्यात शिट्टीची दोरी. ती म्हणाली, "ताई, मी शाळेत खेळ शिकवते. तुम्ही नेहमी कष्टकरी बायकांचं बोलता. माझं काम त्याच्यात बसते काय?"

मी लगेच "हो" म्हटलं. तिनं पुढचं सांगितलं तेव्हा कळलं की हे "हो" म्हणणं मला वाटलं तितकं सोपं नव्हतं.

तिनं शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आहे. एका शाळेत वर्षा-वर्षाच्या नेमणुकीवर खेळ शिकवते. पगार नाही, मानधन. तेही चार-चार महिने थकलेलं. सकाळी मुलांच्या आधी येऊन मैदानावर फक्की मारायची, तास घ्यायचे, शाळा सुटल्यावर खो-खोचा सराव घ्यायचा. स्पर्धांच्या दिवसांत मुलींना घेऊन आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग विभागाला जायचं. एसटीचं भाडं बऱ्याचदा तिच्याच पर्समधून.

नोव्हेंबरात अशाच एका स्पर्धेला ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली. मुलींची उतरायची सोय एका शाळेच्या वर्गात होती. संडासाच्या दाराला कडी नाही. रात्री ही दाराला आडवी झोपली. साडेदहाला स्पर्धेच्या व्यवस्थेतल्या एका माणसाचा फोन आला : मुलींच्या प्रवेशिका तपासायच्या आहेत, लॉजवर माझ्या खोलीत या. ती म्हणाली, सकाळी मैदानावर दाखवते. सकाळी तिच्या दोन मुलींच्या कागदांत चूक निघाली आणि त्या खेळायच्या राहिल्या. रडणाऱ्या मुलींना घेऊन ती जाब विचारायला गेली, तेव्हा तिला उत्तर मिळालं, "मॅडम, खिलाडूवृत्तीनं घ्या. स्पर्धेत असं होतंच."

एवढं सांगून ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, "मी तक्रार केली त पुढच्या वर्षी मले घेतीन काय?"

सगळ्या गप्प झाल्या. मग एक वयस्क बाई बोलली. तिचा जन्म दुसऱ्याच्या शेतात निंदण-वेचणी करण्यात गेला. "आमाले रोज तरी सांजच्याले हातात पडते. तू शिकली-सवरली, अन् तुले चार-चार महिने पैसा नाही. मंग हे मजुरीपरीस वाईटच ना." दुसरी म्हणाली, "हे असं बाहेर बोललं त उद्या कोनी आपल्या पोट्टीले खेयाले धाडनार नाही." दोघींचंही खरं होतं. उत्तर मात्र माझ्याकडे तयार नव्हतं.

ते का नव्हतं, हे सांगितल्याशिवाय मला हे संपादकीय लिहिता येणार नाही.

१९८७ साल. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. मीही दोन वर्षं एका शाळेत खेळ शिकवत होते. माझ्या संघात एक मुलगी होती, नववीतली. तिच्यासारखा सूर मारणारी मुलगी मी नंतर पाहिली नाही. निवड शिबिराहून परत आल्यावर एक दिवस ती माझ्याजवळ आली आणि तिथले एक सर "शिकवताना कसेही हात लावतात" असं म्हणाली. मी तिला काय सांगितलं? "दुर्लक्ष कर. तुझी निवड महत्त्वाची." पंधरा दिवसांनी तिनं खेळायला येणं बंद केलं. वर्षभरात तिचं लग्न झालं. मी कुणाला काही विचारलं नाही. त्यानंतर इतकी वर्षं मी शेकडो बैठकांत बोलले. हुंड्यावर, मारहाणीवर, मजुरीवर. हे मात्र कधी बोलले नाही. इंझोरीच्या त्या मुलीला "दुर्लक्ष कर" असं सांगणारं त्या दिवशी कुणी नव्हतं, एवढाच काय तो फरक.

आपल्या चळवळीनं विडी कामगार, अंगणवाडी ताई, मोलकरणी, ऊसतोड बाया यांचं काम हे काम आहे, हे समाजाला मान्य करायला लावलं. मैदानावर राबणारी बाई मात्र आपल्या यादीत आली नाही. असं का झालं?

एक म्हणजे खेळ हा छंद मानला जातो. छंदाचा मोबदला कसला मागायचा? म्हणून पगाराऐवजी मानधन. अंगणवाडीतल्या ताईंनी या शब्दाची सालटी कधीच काढली आहेत : त्यात मान नाही आणि धनही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असलेल्या शाळेला शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायला सांगितलं. अंशकालीन म्हणजे थोड्या वेळाचा. पण पहाटेचा सराव, सुट्टीच्या दिवशीची स्पर्धा, रात्रीचा प्रवास आणि दाराला आडवं झोपणं हे कोणत्या वेळात मोजायचं?

दुसरं, या क्षेत्रात सगळ्या दोऱ्या फार थोड्या हातांत असतात. मुलीची निवड, प्रशिक्षक म्हणून नेमणूक, पंच म्हणून बोलावणं, प्रमाणपत्रावरची सही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत, त्यासाठीही ते प्रमाणपत्रच लागतं. गरीब घरच्या मुलीला ते प्रमाणपत्र म्हणजे जमिनीच्या सातबाऱ्यासारखं. ज्याच्या हातात ती सही, त्याच्याविरुद्ध तोंड कोण उघडणार?

तिसरं, खेळात शरीराशी काम असतं. सूर कसा मारायचा, कंबर कशी वळवायची, हे हात लावून शिकवावं लागतं. प्रामाणिक प्रशिक्षक विचारून हात लावतो आणि चार जणींसमोर शिकवतो. बाकीच्यांना याच गोष्टीची आड मिळते.

आणि सगळ्यांत वर ही खिलाडूवृत्ती. हरलो तर रडायचं नाही, पंचाचा निर्णय मानायचा, प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवायचा, हे सगळं चांगलंच आहे. मी स्वतः मुलींना तेच शिकवलं. पण ही वृत्ती डावापुरती असते. थकलेलं मानधन हा डाव नव्हे. रात्री साडेदहाचा फोन हा पंचाचा निर्णय नव्हे. घरात आपल्याला "समजून घे" म्हणतात, मैदानावर "खिलाडूवृत्तीनं घे" म्हणतात. सोसायचं कुणी, ते दोन्हीकडे ठरलेलं आहे.

हे फक्त आडगावात होतं असं कुणाला वाटत असेल तर २०२३ साल आठवा. १८ जानेवारीला देशाच्या नामवंत कुस्तीगीर मुली दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. विनेश फोगाट होती, ऑलिम्पिकचं कांस्यपदक मिळवलेली साक्षी मलिक होती. कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले. एप्रिलमध्ये त्यांना पुन्हा बसावं लागलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा कुठे २८ एप्रिलला गुन्हे नोंदले गेले. बरोबर एक महिन्यानं, २८ मे रोजी, पोलिसांनी या मुलींना रस्त्यावरून फरफटत गाडीत घातलं. ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आरोप त्या गृहस्थांनी नाकारले आहेत. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं त्यांच्यावर आरोप निश्चित केले. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीवरचं प्रकरण मे २०२५ मध्ये बंद करण्यात आलं. न्यायालय काय ते ठरवील. आपल्या दृष्टीनं महत्त्वाची बाब वेगळी आहे. त्या वेळी वृत्तपत्रांनी तपासलं तर देशातल्या ३० क्रीडा महासंघांपैकी जवळजवळ निम्म्या ठिकाणी कायद्यानं सांगितलेली तक्रार समिती धड अस्तित्वातच नव्हती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं त्यावर नोटिसा काढल्या. डिसेंबर २०२३ मध्ये साक्षीनं पत्रकारांसमोर आपले कुस्तीचे बूट टेबलावर ठेवले आणि खेळ सोडला. नववीतल्या माझ्या त्या मुलीनंही खेळ सोडलाच होता, पण तिचे बूट ठेवायला टेबल नव्हतं. ती अनवाणीच खेळायची.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पेनच्या मुलींनी फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. पदक देताना त्यांच्या महासंघाच्या अध्यक्षानं, लुईस रुबियालेसनं, हेन्नी एर्मोसो या खेळाडूच्या ओठांचं चुंबन घेतलं. आनंदाच्या भरात झालं, मनावर घेऊ नका, असं बोललं गेलं. एर्मोसो म्हणाली, माझी संमती नव्हती. तिच्या बरोबरीच्या मुली तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. अध्यक्षाला पद सोडावं लागलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयानं त्याला दोषी ठरवून दंड केला. एकटी बाई तक्रार करते तेव्हा ती "कटकटी" ठरते. संघ उभा राहतो तेव्हा प्रश्न कामाच्या जागेचा होतो.

एक नक्की की वरच्या थरात काही बदललं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट मंडळानं स्त्री-पुरुष खेळाडूंना सामन्याचं मानधन सारखं केलं : कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख. त्याचं स्वागत. पण २०२४-२५ च्या वार्षिक करारात सर्वांत वरच्या श्रेणीतल्या पुरुषाला ७ कोटी आणि स्त्रीला ५० लाख, हेही लक्षात असू द्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी जिंकला. इंझोरीच्या मुलींना तिचं नाव पाठ आहे. पण तिच्यासारखी एक मुलगी वर जाते तेव्हा तिच्या खाली गावोगावच्या किती बाया उभ्या असतात? फक्की मारणाऱ्या, शिट्टी वाजवणाऱ्या, मैदान झाडणाऱ्या, संघाचा स्वयंपाक करणाऱ्या. आणि मेरठ-जालंधरकडे घरात बसून ३२ तुकडे सुईनं शिवून चेंडू करणाऱ्या बाया, ज्यांना चेंडूमागे मोजके पैसे मिळतात आणि ज्यांच्या बोटांचं, पाठीचं दुखणं कुठल्याच हजेरीपटावर येत नाही. खेळाचा धंदा कोट्यवधींचा झाला, पण तो या हातांपर्यंत पोचलेला नाही.

कामगाराचं हित म्हणजे फक्त छळ नसणं, असं मात्र आपण मानू नये. इंझोरीच्या त्या मुलीनं सांगितलेल्या साध्या गोष्टी ऐका. पाळीच्या दिवसांत दिवसभर मैदानावर, आणि बायकांसाठी आडोसा नाही. घोटा मुरगळला तर उपचार स्वतःच्या पैशानं, आणि न आलेल्या दिवसांचं मानधन कापलं. लग्न ठरलं की पहिला प्रश्न, "मग पुढच्या वर्षी जमेल का?" बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यात आहे, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या बाईला ती लागू होते. पण नेमणूकच शाळेच्या सत्रापुरती असली की रजा द्यायच्या वेळी ती "कामावरच नाही" असं म्हणता येतं. भीती, अपुरी झोप, उद्याची शाश्वती नाही. हे मनाला किती पोखरतं ते आपल्यापैकी कंत्राटावर काम केलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

आता कायद्याचं. राजस्थानातल्या भँवरी देवीवर १९९२ साली सामूहिक बलात्कार झाला, कारण ती बालविवाह थांबवायचं आपलं काम करत होती. तिच्या लढ्यातून, स्त्री संघटनांच्या याचिकेवर, १३ ऑगस्ट १९९७ ला सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. या कायद्यात कामाचं ठिकाण कशाला म्हणायचं याची यादी आहे, आणि तीत क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल, स्पर्धेची जागा, तिथली निवासाची सोय यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कामासाठी केलेला प्रवासही त्यात येतो. कर्मचारी कोण? कायम, तात्पुरती, रोजंदारीची, शिकाऊ, पैसे न घेता काम करणारीसुद्धा. म्हणजे "मी तुमच्यात बसते काय" या प्रश्नाचं उत्तर कायद्यानं २०१३ सालीच देऊन ठेवलं आहे. आपणच ते वाचलं नव्हतं.

दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष बाई हवी, निम्म्याहून कमी बाया चालत नाहीत, आणि बाहेरची एक जाणती व्यक्ती हवी. समिती नेमली नाही तर ५० हजारांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तालुक्याला तक्रार घेणारा समन्वय अधिकारी असायला हवा. त्यानं सात दिवसांत ती समितीकडे पाठवायची असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची. आणि तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. हे आपल्या मुलींना मुद्दाम सांगा.

मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. तिच्यावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, न सांगणं हा गुन्हा आहे. १९८७ मध्ये मी जे केलं ते आज केलं असतं तर मी आरोपी असते. हे लिहिताना हात जड होतो, पण शाळेतल्या प्रत्येक बाईनं हे वाक्य वाचावं म्हणून लिहिते आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदाही झाला. त्यात महासंघांनी स्त्रिया आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षेचं धोरण करावं असं आहे. चांगलं आहे. पण दिल्लीतलं धोरण मानोऱ्याच्या मैदानावर आपोआप येत नाही. तिथे ते आपल्यालाच न्यावं लागेल.

राहिला तिचा प्रश्न : पुढच्या वर्षी घेतील काय? मी तिला "नक्की घेतील" असं सांगू शकले नाही. खोटं आश्वासन देण्याचा मला अधिकार नव्हता. मी एवढंच म्हटलं की तक्रार करायची की नाही हे तू ठरव. केलीस तर अर्ज लिहिण्यापासून चौकशीच्या दिवसापर्यंत आपल्यातली एकजण तुझ्याबरोबर असेल. नाही केलीस तरी तू आमच्यातलीच. आणि मुलींना खेळायला धाडणार नाहीत म्हणणाऱ्या बाईला तिथल्याच एकीनं उत्तर दिलं : "पोट्टी घरी ठेवून काय होते? घरी का कमी होते काय? त्यापरीस आपनच जाऊ ना संगं." त्याच बैठकीत ठरलं की पुढच्या हंगामात मुलींच्या संघाबरोबर गटातल्या दोघी मुक्कामाला जातील. खर्च गट करील आणि शाळेकडे मागील. स्थानिक समितीत कोण आहेत, हे लेखी विचारणारं पत्रही तिथेच लिहिलं. २३ जणींनी सह्या केल्या, चौघींनी अंगठे.

त्या मुलीनं नंतर, मुदतीच्या आत, अर्ज लिहिला. हा अंक छापायला जातो आहे तेव्हा तो तिच्या पिशवीत आहे. अजून दिलेला नाही. तिच्यावर कुणी घाई करू नये.

आपल्या गटांना मात्र घाई करायला हरकत नाही. आपल्या गावच्या शाळेत, तालुक्याच्या क्रीडा संकुलात खेळाचं काम करणाऱ्या बाया किती, त्यांची नेमणूक कशी, मानधन केव्हापासून थकलं, हे आधी विचारा. शाळेच्या भिंतीवर समितीच्या सदस्यांची नावं लावली आहेत का ते बघा. मुलींच्या मुक्कामाच्या जागी कडीचं दार, पाणी, दिवा आणि बरोबर एक बाई, एवढं नसेल तर पालकांच्या सभेत विषय काढा. निवड एकाच माणसाच्या हाती असू नये, निवड समितीत स्त्री असावी, अशी लेखी मागणी करा. आणि आठ मार्चच्या कार्यक्रमाला खेळाच्या बाईंना फक्त संगीतखुर्ची घ्यायला बोलावू नका. त्यांना बोलायला बोलावा.

तुम्ही स्वतः खेळला असाल, शिकवलं असेल, सोडून दिलं असेल, तर आम्हाला लिहा. नाव छापू नका म्हटलंत तर छापणार नाही. नववीतली ती मुलगी आज पन्नाशीच्या पुढे असेल. तिनं हे वाचलं तर तिला सांगायचं आहे : तेव्हा चूक तुझी नव्हती. माझी होती.

तुमच्या पत्रांची वाट पाहते.

– संपादक मंडळाच्या वतीने